कीटकनाशक नोंदणीतली नोकरी: फरिदाबादची फाईल आणि खान्देशातला पंप

गिरणाकाठ

गेल्या आठवड्यात इथल्या कपाशीच्या धाग्यावर एकाने ठामपणे लिहिलं होतं, "सरकारमान्य औषध आहे, मारा बिनधास्त." तिथे दोन ओळींचं उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. ती 'सरकारमान्यता' देणाऱ्या कचेरीत माझी सगळी नोकरी गेली. मूळची मी भडगाव तालुक्यातली. जळगावला एम. जे. कॉलेजात रसायनशास्त्र, पुढे एमएस्सी, मग यूपीएससीमार्फत फरिदाबादला केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयात. आता निवृत्त होऊन गावी परत आले आहे.

नोंदणी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडचा कायदा १९६८ चा, कीटकनाशक अधिनियम. तो कशामुळे आला हे फार कमी जणांना माहीत असतं. १९५८ मध्ये मुंबईहून कोचीनला जहाजाने माल गेला. धान्य-पिठाच्या पोत्यांसोबत पॅराथिऑनचे डबे होते. ते गळले, विष पिठात उतरलं, आणि केरळ-मद्रासकडे ते खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. न्या. जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यानंतर दहा वर्षांनी कायदा झाला आणि प्रत्यक्ष लागू झाला तो १९७१ मध्ये. म्हणजे पायाच दुर्घटनेतला आहे. मी रुजू झाले तेव्हा आमच्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी पहिल्या दिवशी हीच हकीकत सांगितली होती. ती ऐकल्यावर 'माल कशासोबत ठेवू नये' हा लेबलवरचा रटाळ वाटणारा मजकूर मी कधीच वरवर वाचला नाही.

या कायद्याखाली दोन गोष्टी आहेत: केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती. मंडळ सल्ला देतं, परवानगी देते ती समिती. समितीत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त पाच सदस्य. त्यांत देशाचे औषध नियंत्रक आणि वनस्पती संरक्षण सल्लागार असायलाच हवेत असं कायद्यातच लिहिलेलं आहे. आमच्यासारखे लोक समितीच्या खालच्या सचिवालयात. कंपनीचा अर्ज आला की फाईल चार टेबलांवर फिरते: रसायन, जैविक परिणामकारकता, विषशास्त्र, आणि पॅकिंग-लेबल.

मी रसायनाच्या टेबलावर सुरुवात केली. तांत्रिक मालात, म्हणजे कारखान्यातल्या मूळ रसायनात, मुख्य घटक किती टक्के, बाकीच्या टक्क्यांत काय आहे, ती अशुद्धी मूळ विषापेक्षाही घातक तर नाही ना, डबा उन्हाळ्यात गोदामात पडून राहिला तर आत काय घडतं. बाहेरच्याला हे कोरडं वाटेल. मला त्यात मनापासून रस होता. एकाच रेणूचे दोन कारखान्यांतले माल कागदावर सारखे दिसतात आणि अशुद्धीत मात्र वेगळे निघतात, आणि माणसाला बाधा होते ती कधी कधी या वेगळेपणातून.

विषशास्त्राच्या टेबलावर उंदीर, ससे, मासे, मधमाश्या, पक्षी यांच्यावरचे अभ्यास येतात. उंदरांना दोन-दोन वर्षं वेगवेगळ्या मात्रेत खाऊ घालून बघतात. ज्या मात्रेला कोणताच वाईट परिणाम दिसत नाही ती धरून साधारणपणे शंभराने भागतात: दहापट सूट उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, आणखी दहापट माणसामाणसातल्या फरकासाठी. म्हातारं माणूस आणि लहान मूल एकाच गणितात बसावं म्हणून. त्यावरून एका माणसाने आयुष्यभर रोज किती खाल्लं तर चालेल तो आकडा निघतो. पिकात किती अवशेष चालेल ही मर्यादा शेतातल्या चाचण्यांवरून ठरते आणि या आकड्याशी ताडून पाहिली जाते. अन्नातली मर्यादा आता एफएसएसएआय, म्हणजे केंद्राची अन्नसुरक्षा संस्था, जाहीर करते.

आता मुद्दा. या सगळ्यातून जी परवानगी निघते ती "हे औषध चांगलं आहे" अशी नसते. ती असते: *या* पिकावर, *या* किडीसाठी, एकरी *इतकं*, *इतक्या* पाण्यात, काढणीआधी *इतके* दिवस थांबून, हातमोजे-मास्क-चष्मा-पूर्ण कपडे घालून. यातली एक अट काढली की आम्ही तपासलेलं औषध ते राहत नाही. आमची सगळी मेहनत शेवटी लेबलावरच्या त्या बारीक अक्षरांत जाऊन बसते. आणि खान्देशात फवारणारा माणूस ते लेबल बघत नाही, कारण डबा मालकाच्या हातात असतो आणि पंप मजुराच्या पाठीवर.

हे मला निवृत्तीनंतर कळलं असं नाही. सुट्टीत पंजाब मेलने भुसावळला उतरून गावी यायचे तेव्हा कपाशीत दिसायचंच. पण फाईलमध्ये ते लिहायला रकाना नव्हता.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल तेवढंच सांगेन.

---

केळीबाग रावेर

ताई, चांगला धागा काढला. एक सरळ विचारतो, राग मानू नका. आमच्याकडं केळीत आयुष्यभर फोरेट टाकलं. वडिलांनी टाकलं, मी टाकलं. सोंडकिडीला, माव्याला. मग एक दिवस बंद. जर ते इतकं वाईट होतं तर चाळीस-पन्नास वर्षं दिलं कशाला? आणि वाईट नव्हतं तर बंद का केलं? शेतकऱ्यानं काय समजायचं?

आणि बंद करताना पर्याय कोणी सांगितला नाही. आमच्याकडं केळीवर हरण्या रोग आला की जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत बागेच्या बागा उपटाव्या लागतात. तेव्हा माणूस काय हाताला लागेल ते मारतो.

---

गिरणाकाठ

राग कशाचा भाऊ, हा प्रश्न मला फरिदाबादेत कोणीतरी विचारायला हवा होता.

फोरेट लाल त्रिकोणातलं, म्हणजे सर्वांत विषारी गटातलं. १९७० च्या दशकात ज्या माहितीवर त्याला जागा मिळाली ती माहिती आजच्या मानाने फार तुटपुंजी. आपल्या पद्धतीतली मोठी उणीव हीच की एकदा झालेली नोंदणी ठरावीक वर्षांनी आपोआप पुन्हा तपासली जात नाही. बाहेरच्या अनेक देशांत ती मुदतीची असते, मुदत संपली की कंपनीला नव्याने सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे फेरतपासणीसाठी वेगळी समिती नेमावी लागते.

तशी ती नेमली २०१३ मध्ये, डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली. इतर देशांत बंद किंवा मर्यादित असलेली आणि आपल्याकडे चालू असलेली ६६ कीटकनाशकं तिच्यापुढे होती. अहवाल २०१५ मध्ये, आदेश ऑगस्ट २०१८ मध्ये. एकूण १८ बंद झाली: १२ लगेच, आणि फोरेट, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस, अलाक्लोर, ट्रायक्लोरफॉन ही सहा ३१ डिसेंबर २०२० पासून. लगेच बंद झालेल्या बारांत कार्बारिल होतं. भोपाळचा कारखाना जे औषध बनवत होता ते हेच. भोपाळ १९८४, आणि औषध बंद २०१८. अपघात झाला तो ते बनवण्यासाठी साठवलेल्या वायूचा, शेतातल्या फवारणीचा नव्हे, हे मला माहीत आहे. तरीही ही दोन सालं शेजारी लिहिली की माझं मन अजून अस्वस्थ होतं.

पर्याय सांगितला नाही ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी. नोंदणी खातं बंदीचा आदेश काढतं आणि शेतकऱ्यापर्यंत माहिती पोचवायचं काम राज्याच्या कृषी खात्याचं, असं म्हणून विषय संपतो. हरण्याबद्दल तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी एक रसायनवाली म्हणून सांगते: तो विषाणू आहे, झाडात गेल्यावर त्यावर कुठलीच फवारणी चालत नाही. मारायचा तो मावा, आणि माव्याचं घर असतं बांधावरच्या गवतात अन् शेजारच्या काकडी-भोपळ्याच्या वेलात. रोगट झाड लवकर उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणं याला पर्याय नाही. हाताला लागेल ते मारून विषाणू जात नाही, पैसा जातो.

---

सातपुडा पायथा

मी शहादा तालुक्यातला. माझे वडील दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जातात. हंगामात सलग. रोजानं नाही, पंपावर मजुरी. जितके पंप मारले तितके पैसे. म्हणून कोणी थांबत नाही. वारा फिरला तरी थांबत नाही, कारण थांबलं तर पंप कमी होतात.

गिरणाकाठ ताई, तुम्ही लिहिलं की डबा मालकाकडे असतो. आमच्याकडे तर अनेकदा औषध आधीच ड्रममध्ये कालवलेलं असतं. वडिलांना नावच माहीत नसतं. वास कसा आहे त्यावरून ते सांगतात की आज भारी होतं की हलकं.

माझा प्रश्न. माझ्या वडिलांना काही झालं तर तुमच्या त्या १९६८ च्या कायद्यात कोण जबाबदार?

---

गिरणाकाठ

भाऊ, तुम्ही कायद्याच्या नेमक्या भोकावर बोट ठेवलं.

त्या कायद्याचं कलम ३८ वाचा. त्यात म्हटलंय की स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा *स्वतः कसत असलेल्या जमिनीत* कोणी कीटकनाशक वापरलं तर हा कायदा त्याला लागू नाही. हेतू चांगला होता. शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टर लागू नये, त्याला कोर्टात खेचू नये. मी त्या हेतूच्या बाजूने आहे, आजही. पण त्याचा अर्थ असा झाला की कारखाना, आयात, गोदाम, दुकान इथपर्यंत कायदा चालत येतो आणि शेताच्या बांधावर थांबतो. बांधाच्या आत पंप पाठीवर घेतलेला माणूस मालक नसला तर? त्याच्याबद्दल नियमांत संरक्षक कपड्यांची, प्रशिक्षणाची कलमं आहेत, पण ती कारखान्यातल्या आणि फवारणीचा धंदा करणाऱ्या संस्थेच्या कामगाराच्या नजरेने लिहिलेली. तुमच्या वडिलांच्या हातात यातलं काही पडत नाही. मजुराच्या नुकसानभरपाईचे कायदे निराळे आहेत. तिथे वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल, मी त्यातली जाणकार नाही.

यवतमाळमध्ये २०१७ ला जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेली, दमट उकाडा, नवे पंप, दोन-तीन औषधं एकत्र. राज्य सरकारने कलम २७ वापरून पाच औषधांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवली. राज्याला एवढाच अधिकार आहे: साठ दिवस, आणि फार तर आणखी तीस. कायमची बंदी फक्त केंद्र घालू शकतं. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होतं, पण पाचही लाल त्रिकोणाची नव्हती. हे लक्षात घ्या. त्रिकोणाचा रंग ठरतो तो एकदाच पोटात किंवा कातडीवर गेलेल्या मात्रेवरून, प्रयोगशाळेतल्या प्राण्यावर. तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत मात्रेत निम्मे प्राणी मेले तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. दिवसभर गळक्या पंपाने भिजलेली पाठ, उपाशी पोट, सलग आठवडाभर काम: हे त्या रंगात नसतं.

आणि आता मी नोकरीभर जे म्हणत आले ते इथे लिहिते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांबद्दलची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता १९८५ पासून आहे, आता जागतिक आरोग्य संघटनाही तिच्यात सामील आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की ज्या औषधासाठी लागणारी संरक्षक साधनं त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी आहेत ते टाळावं, विशेषतः उष्ण हवेतल्या लहान शेतकरी आणि शेतमजुरांच्या बाबतीत. आपल्या नोंदणीत मात्र अजून गृहीत धरलं जातं की माणूस हातमोजे, बूट, चष्मा, मास्क, अंगभर अंगरखा घालेल. ऑक्टोबरच्या उन्हात चोपड्याच्या कपाशीत असा पोशाख करून कोण तासभर उभा राहील? फाईल तपासणाऱ्याने आधी हा प्रश्न विचारावा: उघड्या हाताचा, बनियनवरचा माणूस हे फवारणार आहे असं धरलं तर परवानगी द्याल का? उत्तर नाही असेल तर देऊ नका. लेबलवर आणखी एक सूचना छापून ते धोकादायक औषध सुरक्षित होत नाही.

मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण घ्या. भाजीपाल्यावर वापरायला आधीच मनाई होती. म्हणजे लेबलात 'भाजीवर वापरू नये'. पण दुकानात मिळत होतं, कपाशीसाठी. कपाशीसाठी घेतलेली बाटली शेजारच्या वांग्यावर जाणार नाही हे कोण बघणार होतं? शेवटी २०२३ च्या आदेशात त्याच्या ३६ टक्के द्रावणावरच बंदी आली. उशिरा, पण बंदी बाटलीवर आली, सूचनेवर थांबली नाही.

---

कृषी केंद्र पारोळा

दुकानदाराची बाजू पण मांडू द्या, नाहीतर सगळं खापर आमच्यावर फुटतं.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. आता लायसनला शिक्षणाची अट आहे. मी 'देसी' (DAESI) हा दुकानदारांसाठीचा डिप्लोमा केला, वर्षभर आठवड्यातून एक दिवस वर्ग. त्यात त्रिकोण, लेबल, प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस) सगळं शिकवलं. पण शेतकरी उधारीवर माल नेतो. तो म्हणतो, शेजाऱ्यानं जे नेलं ते द्या. मी म्हटलं की तुमच्या पिकाच्या लेबलवर हे नाही, तर तो समोरच्या दुकानात जातो. आणि समोरचा देतो.

नमुना नापास झाला की केस माझ्यावर. माल मी बनवला नाही, सीलबंद आला, सीलबंद विकला.

---

गिरणाकाठ

तुमचं म्हणणं रास्त आहे. कायद्यात त्यासाठी सोय आहे, ती बऱ्याच दुकानदारांना माहीत नसते. कलम ३० मध्ये असं आहे की तुम्ही परवानाधारकाकडून माल घेतला, दोष तुम्हाला माहीत नव्हता आणि योग्य काळजी घेऊनही कळला नसता, आणि माल आला तसाच नीट साठवला, हे तुम्ही सिद्ध केलं तर तुम्ही दोषी धरले जात नाही. म्हणून बिलं आणि बॅच नंबर जपून ठेवा. पत्र्याखाली मे महिन्यात ठेवलेला माल मात्र 'नीट साठवला' म्हणता येणार नाही.

नमुना घेताना निरीक्षकाने तीन भाग करायचे असतात: एक तुम्हाला, एक विश्लेषकाला, एक कोर्टासाठी. तुमचा भाग घ्यायला विसरू नका. अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांच्या आत लेखी कळवायचं, पुरावा द्यायचाय म्हणून. मग तो नमुना फरिदाबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत जाऊ शकतो आणि तिचा निकाल अंतिम. त्या प्रयोगशाळेत मी काही वर्षं होते. देशभरातून असे नमुने यायचे. काहींत मुख्य घटक निम्माच असायचा, काहींत लेबलवर नाव नसलेलंच भलतं औषध. निम्म्या ताकदीचं औषध शेतकऱ्याला दुप्पट मारायला शिकवतं. पुढच्या वर्षी त्याला पूर्ण ताकदीचा डबा मिळाला तरी तो दुप्पटच मारतो.

---

पांझरा डॉक्टर

धुळे जिल्ह्यात ग्रामीण भागात दवाखाना आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे हे पेशंट येतात.

ऑरगॅनोफॉस्फेट (फोरेट, मोनोक्रोटोफॉसच्या गटातलं औषध) असेल तर चित्र ओळखू येतं: डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, घाम, लाळ, छातीत घरघर, नाडी मंद. ॲट्रोपिन द्यायचं, लागेल तेवढं, सोबत पीएएम हा दुसरा उतारा. वेळेत आला तर बरा होतो. पण आता जे येतात ते दोन-तीन औषधं एकत्र मारून आलेले. चित्र मिसळलेलं. पायरेथ्रॉइड या दुसऱ्या गटातल्या औषधांना उतारा नाही, लक्षणांवर उपचार. काही नव्या औषधांना नेमका उतारा आहे का तेच लेबल बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि लेबल कधीच सोबत येत नाही. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टरसाहेब, कपाशीचं औषध होतं." कपाशीचं म्हणजे कोणतं?

प्रत्येक लेबलावर उताऱ्याची माहिती छापणं सक्तीचं आहे हे मला ठाऊक आहे. ती माहिती माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही, एवढंच सांगायचं होतं. ताई, दोन औषधं एकत्र कालवली तर काय होतं याचा अभ्यास तुमच्याकडे येतो का?

---

गिरणाकाठ

कंपनीनेच दोन घटक एका डब्यात घालून विकायचे असतील तर येतो, त्या मिश्रणाची स्वतंत्र नोंदणी लागते. शेतकरी ड्रममध्ये जे कालवतो त्याचा येत नाही. येऊच शकत नाही, कारण जोड्या मोजता येणार नाहीत इतक्या. तीन डबे आणि वर एक टॉनिक.

त्या टॉनिकबद्दल मुद्दाम लिहिते. 'जैविक', 'वनस्पतीजन्य', 'बायो' अशा नावाने टॉनिक म्हणून बाजारात जी बाटली येते तिला पूर्वी ना आमची नोंदणी लागायची ना खताची. अशा काही मालात रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं सापडायचं. शेतकऱ्याला वाटायचं, काय जादू आहे, रासायनिक न मारता अळी मेली. २०२१ मध्ये बायोस्टिम्युलंट, म्हणजे पीकवाढीची अशी टॉनिकं, खत नियंत्रण आदेशाखाली आणली, ते बरं झालं. तरीसुद्धा लेबलवर घटक लिहिलेला नसेल, नोंदणी क्रमांक नसेल तर ती बाटली घरी आणू नका. आणि डॉक्टरांना सांगताना त्या बाटलीचंही नाव सांगा.

---

अमळनेरची लेक

मी पुण्यात असते, हिवाळ्यात आईकडून भरीताची वांगी येतात. आता हे वाचून धास्ती बसली. वांगं भाजलं की औषध जातं का?

---

गिरणाकाठ

भाजण्यावर भरवसा ठेवू नका. वरची साल निघते तेवढा वरचा भाग जातो, पण झाडात भिनणारं औषध गरातही असतं.

वांग्याची अडचण वेगळी आहे. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी एकदा आत शिरली की बाहेरून मारलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून फवारण्या वाढतात. आणि तोडणी दर काही दिवसांनी चालूच. लेबलवर समजा काढणीआधी सात दिवस थांबा असं असेल आणि तोडा चौथ्या दिवशी असेल, तर ते पाळायचं कसं? म्हणून तोडणीच्या काळात प्रतीक्षा काळ कमी असलेलीच औषधं निवडावी लागतात. किडके शेंडे खुडून नष्ट करणं, कामगंध सापळे लावणं हे आधीपासून करावं लागतं. आईच्या ओळखीचे शेतकरी असतील तर शेवटची फवारणी कधी झाली एवढं विचारून वांगी घ्या, ते खरं सांगतात. स्वच्छ वाहत्या पाण्यात चोळून धुवा. भरीत सोडू नका हो.

---

कृषी धुळे तिसरं वर्ष

मॅडम, मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात आहे. या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर काय शिकावं? आणि दबाव असतो का?

---

गिरणाकाठ

कीटकशास्त्र, कृषी रसायनशास्त्र किंवा विषशास्त्रात पदव्युत्तर कर. संख्याशास्त्र टाळू नकोस, अर्ध्या फाईली त्याशिवाय कळत नाहीत. संचालनालयाची वरची पदं यूपीएससीमार्फत भरली जातात. शिवाय अवशेषांवर काम करायचं तर आयसीएआरचा (भारतीय कृषी संशोधन परिषदेचा) अखिल भारतीय प्रकल्प आहे, कृषी विद्यापीठांतही केंद्रं आहेत. राज्याच्या गुणनियंत्रण शाखेतही काम आहे आणि माझ्या मते तिथे चांगल्या माणसांची सर्वांत जास्त गरज आहे.

दबाव असतो. पण सिनेमातल्यासारखा पैशाचा कमी, वेळेचा जास्त. हंगाम तोंडावर आलाय, कीड आलीय, सहा राज्यं मागताहेत, लवकर निकाली काढा. देशात पहिल्यांदाच येणाऱ्या औषधाला कलम ९(३ब) खाली दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी देता येते. त्या सोयीचा आधार घेऊन अपुरी माहिती पुढे सरकवायचा मोह होतो. तुला फाईलवर टिपण लिहावं लागेल की या अभ्यासात अमुक नाही, म्हणून थांबवावं. ते टिपण वरिष्ठ बाजूला ठेवू शकतात. पण ते फाईलमध्ये राहतं. कितीतरी वर्षांनी फेरतपासणी होते तेव्हा जुनी टिपणं कोणीतरी उघडतं. मी लिहिलेली एक नोंद अशीच, मी दुसऱ्या शाखेत गेल्यावर, उपयोगी पडली. त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं.

आणि शिकतोस तिथेच एक काम सुरू कर. लेबलवरचं औषध शेतात कसं वापरलं जातं याची खान्देशातली नोंद कोणाकडेच नीट नाही. पंप कोणाच्या पाठीवर, किती तास, काय कालवलं, हात कशाने धुतले. तुझ्या प्रबंधाला याहून चांगला विषय मिळणार नाही.

---

केळीबाग रावेर

ताई, एक सांगतो. आमना गावमा लेबल कोनी वाचत नही, हे खरं. पण वाचायचं म्हटलं तरी अक्षर मुंगीएवढं. चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही. सोबतच्या कागदात मराठी असते म्हणे, तो कागद तर डब्यासोबत दुकानातच पडलेला असतो.

---

गिरणाकाठ

माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत छापणं नियमाने बंधनकारक आहे. दुकानदाराने ते डब्यासोबत द्यायलाच हवं. पारोळ्याचे भाऊ, तुम्ही तुमच्या दुकानापासून सुरू कराल का? डबा देताना कागद बिलाला टाचून द्या.

---

कृषी केंद्र पारोळा

देतो. उद्यापासून.

---

सातपुडा पायथा

धागा वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, बाईंना विचार, आम्ही काय करायचं ते सांगा. कायदा होईल तेव्हा होईल.

---

गिरणाकाठ

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मालकाला रोज सकाळी डबा दाखवायला सांगायचं. त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर दुसरं औषध मागायचं, एकट्याने नाही, सगळ्या पंपवाल्यांनी मिळून. पंपावर मजुरी न ठरवता दिवसावर ठरवता आली तर फार फरक पडेल, कारण मग वारा फिरल्यावर थांबता येतं. हेही एकट्याने होणार नाही. गळका पंप पाठीवर घ्यायचा नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला-तोंडाला फडकं, हाताला निदान रबरी मोजे. कालवताना मोजे सर्वांत महत्त्वाचे, कारण तेव्हा हातात घट्ट औषध असतं. वाऱ्याकडे पाठ करून चालायचं. मध्ये तंबाखू, विडी, भाकरी काही नाही, आधी साबणाने हात. नोझल तोंडाने फुंकायची नाही. भिजलेले कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळे धुवा. घरी गेल्यावर आधी आंघोळ. रिकामा डबा पाण्याला, धान्याला वापरू नका, भोकं पाडून ठेवा.

डोकं जड झालं, अंधारी आली, लाळ सुटली की तिथेच काम थांबवून कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि दवाखान्यात जायचं. सोबत डबा न्यायचा. डबा मिळत नसेल तर मोबाईलवर लेबलाचा फोटो सकाळीच काढून ठेवा.

हंगाम सुरू झाला की ते फोटो इथे टाकत जा. घटक कोणता, उतारा कोणता, किती दिवस थांबायचं ते मी सोप्या मराठीत लिहून देत जाईन. धुळ्याच्या विद्यार्थ्याने आणि डॉक्टरांनी तपासून घ्यावं. तुम्ही ते वडिलांना आणि त्यांच्या सोबतच्यांना वाचून दाखवा.